उन्हाळी रस्त्यावरचं ताट

तोतुमालचा घाट,
सोमवार, ८ एप्रिल १९७४

प्रिय तुलिया मावशी,

आधी आशीर्वाद दे, मग काय रागवायचं ते रागव. मी खुशाल आहे. पायाला एकच फोड आलाय आणि टोपी अजून डोक्यावर आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तांबडी कोंबडी अंडी कुठे घालते ते सापडलं का? नसेल तर रांजणामागे बघ. मी निघालो तेव्हा ती तिकडून फार साळसूद चेहऱ्याने बाहेर येत होती.

नुरीस, शेजारधर्म म्हणून तू हे वाचून दाखवते आहेस, तर सावकाश वाच. आणि जिथे मी कंस घालीन तेवढं मनातल्या मनात वाच. मावशीचे डोळे अधू झालेत, कान नाहीत.

पहिली बातमी: ताट सुखरूप आहे. निळ्या काठाचं, एका बाजूला टवका उडालेलं इनॅमलचं ते ताट मी जन्मभर आपल्या फडताळाच्या वरच्या फळीवर पालथं पाहिलं. त्यात कुणी जेवताना कधी पाहिलं नाही. काल, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, तू ते तुरीच्या गोडाने भरून, वर फडकं बांधून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "हे पुएर्तो व्येहोच्या ओर्फेलिनाचं ताट आहे. एकोणीस वर्षांपूर्वी पवित्र आठवड्यात तिने पाठवलं होतं, मी परत केलं नाही. गुरुवारी दिवस मावळायच्या आत तिच्या हातात पडलं पाहिजे. शुक्रवारी कुणी कुणाच्या दारात जात नाही आणि पुढच्या वर्षीचा भरवसा मी देत नाही. पाऊस पडला की रस्ता जातो."

एवढं लांब बोलणं तू एका दमात कधी केलं नव्हतंस. तुम्ही सख्ख्या बहिणी. एकोणीस वर्षं एक शब्द नाही. का, म्हणून विचारलं की तू चुलीत फुंकर घालायला लागतेस, चूल पेटलेली असली तरी. कालही तेच केलंस. मी हो म्हटलं आणि निघालो. मी नेहमीच हो म्हणतो. मागच्या वर्षी तू मीठ आणायला पाठवलंस आणि मी अकरा दिवसांनी सर्कशीच्या ट्रकमधून परत आलो, मिठाशिवाय, हे तू आता म्हणणार. म्हणून मीच म्हणून टाकतो.

उन्हाळी रस्ता वीटभट्टीमागून निघतो आणि सरळ पाणथळाच्या पोटात शिरतो. नोव्हेंबरात जिथे मी होडीतून जाळं टाकलं होतं, तिथून काल चालत गेलो. झाडांच्या बुंध्यांवर पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या टोपीच्याही वर. म्हणजे मी मागच्या वर्षीच्या पाण्याच्या तळाने चालत होतो. जमीन भेगाळून खापरांसारखी झालीय आणि भेगांत माशांचे काटे. मला प्रश्न पडला की हा रस्ता दर वर्षी बुडतो, तो वर येतो तेव्हा जुनाच येतो का नवा? एका गुराख्याला विचारलं. तो म्हणाला, "गाई ठरवतात. आम्ही गाईंच्या मागे, गाड्या आमच्या मागे. मग सरकार येऊन नकाशात काढतं आणि म्हणतं, आम्ही केला."

तोतुमालला मात्र नदीचा फाटा आटत नाही, तिथे होडी लागते. होडीवाली एम्पेरात्रिसबाई. सत्तरीची असेल. चिरुटाचं जळतं टोक तोंडात ठेवून ओढते, आपल्याकडच्या म्हाताऱ्या ओढतात तशी, आणि तशीच बोलते.

"पुएर्तो व्येहो किती लांब, बाई?"

"सहा चिरूट."

"कुणी ओढलेले?"

"मी. तू ओढशील तर दहा होतील. तुझं तोंड मिटत नाही, चिरूट विझेल."

होडी वासरं पलीकडे नेत होती, म्हणून आम्ही माणसं दुपारभर सावलीत बसलो. पवित्र आठवडा, त्यामुळे प्रत्येकाच्या मांडीवर कुणाला ना कुणाला पोचवायचं गोड. हे पत्र इथेच लिहितोय. हेर्मोहेनेस खेचरांवर मडकी लादून आपल्या एल पालमारकडे उतरतोय, त्याच्याकडे देतो.

एक विचारायचं राहिलं. तू ताटावर बांधलेल्या फडक्याला बटण आहे. बटण असलेलं फडकं मी पहिल्यांदाच पाहिलं.

(नुरीस, हे मनात. झालं असं की एम्पेरात्रिसबाईने आपल्या ताटातून मला हिरव्या पपईचं गोड दिलं, लवंग घातलेलं. कुणी दिलं की आपण द्यायचं, नाही म्हणता येत नाही, तू ओळखतेसच. मी मावशीच्या ताटातून दोन चमचे दिले. मग खोबरं-अननसवाल्या नवराबायकोने दिलं. मग एका शिपायाने. त्याच्याकडे गोड नव्हतंच, त्याने नुसतं बघितलं. ताटाचा एक कोपरा उघडा पडलाय. बाकी भरलेलं आहे. काळजीचं कारण नाही.)

गुरुवारच्या आत पोचतोच.

तुझा वाटेवरचा,
दागो


लास तिनाहास,
बुधवार, १० एप्रिल

मावशी, आशीर्वाद.

उद्या दुपारपर्यंत पुएर्तो व्येहो. इथून दीड चिरूट. मला कालच पोचता आलं असतं असं तुला कुणी सांगितलं, तर ते खरं आहे.

पण तू इथे असतीस तर तूसुद्धा थांबली असतीस. लास तिनाहासच्या अलीकडे रस्ता एका उंचवट्यावर चढतो. तिथून खाली बघितलं तर सगळ्या गवताळ जमिनीवर कंगवा फिरवलाय असं वाटतं. उंच वरंबा, खोलगट पट्टा, पुन्हा वरंबा, नजर पोचेपर्यंत. मी एका कसाव्याच्या शेतात उतरून म्हाताऱ्याला विचारलं, हे कोणी नांगरलं? तो म्हणाला, "आम्ही नाही, बाबा. हे आमच्या आधीच्यांनी. स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधी. पूर आला की पाणी पट्ट्यांतून जायचं आणि पीक वरंब्यावर सुकं राहायचं." मी म्हटलं, मग आता आपण का बुडतो? म्हातारा हसला. म्हणाला, "आपण शहाणे झालो ना."

मी दोन वरंबे पावलांनी मोजले. मग तिसरा मोजावासा वाटला. तेवढ्यात दुपार झाली.

त्याने जेवू घातलं. तळलेला बोकाचिको मासा, काट्यांना आडव्या चिरा दिलेला, तुझ्यापेक्षा बारीक, रागवू नकोस, फक्त चिराच बारीक, शिवाय उकडलेला कसावा आणि वर आंबट साय. मी बोटं चाटली तर म्हणाला, "बोटं ठेव, पुढे लागतील."

गावात शिरताना गवतात आगबोटीचं बॉयलर पडलंय, घराएवढं, गंजून लाल. आगबोटी या फाट्यातून जायच्या तेव्हाची एक फुटून बुडाली, मग नदीच दूर सरकली आणि बॉयलर कुरणात राहिलं. आता एक बाई त्यात कसाव्याच्या भाकऱ्या भाजते. लोखंड तापलं की आतल्या भिंतीला भाकरी लावते, सुटली की काढते. नाव साबिना. मी विचारलं, यात माणसं मेली असतील ना, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "मेली त्यांनाही भूक लागत असेल. पहिली भाकरी मी आत सोडते."

आणि स्पॅनिशांशी लढलेला मोठा सेनापती झोपला होता म्हणून जपलेली खाट इथेही आहे! आपल्या गावातली एक, तोतुमालची एक, ही तिसरी. हा माणूस इतका झोपला तर लढला कधी? दाखवणाऱ्या बाईला मी हे विचारलं आणि तिने मला बाहेर काढलं.

(नुरीस, आता मनात वाच आणि चेहरा सरळ ठेव. ताटात मावशीचं गोड उरलेलं नाही. म्हणजे ताट रिकामं नाही, ताट शिगोशीग आहे. पण म्हाताऱ्याच्या सुनेने सुरणासारख्या कंदाचं गोड दिलं, मी तुरीचं दिलं. साबिनाने केळ्याचं आणि मामेय फळाचं दिलं, तिला चार पोरं, मी चारही जणांना दिलं. जेवढं जातं तेवढं येतं. तळाशी जे करपून चिकटलं होतं ते मी स्वतः खाल्लं, कारण मावशीची खरवड मी लहानपणापासून कुणाला दिलेली नाही. थोडी टवक्याशी चिकटून राहिलीय, ती निघाली नाही. आता ताटात चार गावांचं गोड आहे आणि ते एल पालमारहून आलंय असं मला सांगायचं आहे. ओर्फेलिना मावशी एकोणीस वर्षांत चव विसरली असेल, नाही का?)

फडकं मी ओढ्यावर धुऊन झुडपावर वाळत घातलं आणि विसरून निघालो. अर्ध्या चिरुटावर आठवलं. परत गेलो. सापडलं. नुसतं एक फडकं, पण तुझं होतं. वाळल्यावर बघितलं तर त्याला एक नाही, दोन बटणं आहेत, आणि एक बाही असावी तशी शिवण उसवलेली. हे काय आहे गं?

दक्षिणेला ढग दिसतात. लांब आहेत. इथला पनीरवाला ट्रक उद्या सकाळी तुमच्या बाजाराला जातो, त्याच्याकडे पत्र देतो. या माणसाचं पनीर फितीसारखं गुंडाळलेलं असतं, थरावर थर. मला एक गुंडाळी उलगडायला दिली होती, टोकच सापडेना.

तुझा,
दागो


पुएर्तो व्येहो,
शुक्रवार आणि शनिवार

मावशी,

पोचलो. गुरुवारी, दिवस मावळायच्या आत. ताट तिच्या हातात दिलं.

नुरीस, या पत्रात कंस नाहीत. सगळं मोठ्याने वाच. आधीच्या दोन पत्रांतलं जे गाळलंस तेही आता वाच. थांबतो. मावशीला खुर्चीवर बसव.

आज गुड फ्रायडे. इथे आपल्याहून कडक आहे. चूल नाही, सुरी नाही, सुई नाही, प्रवास नाही. अंघोळ केली तर मासा होतो म्हणे. मी चार दिवसांचा घामट, विचारलं, अर्धी अंघोळ केली तर? ओर्फेलिना मावशी म्हणाली, "तर अर्धा होशील. कुठला अर्धा ते आधी ठरव." लिहिणं हे काम आहे का, यावर तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "तुलियाला लिहिणं हे काम नाही, प्रायश्चित्त आहे. लिही." म्हणून लिहितोय. दिवसभर कुठेही जाता येत नाही, असा दिवस मला आठवत नाही.

हे गाव बंदर होतं, 'जुनं बंदर' असं नावातच आहे. चर्चसमोर दगडी धक्का आहे आणि त्याच्या सतरा पायऱ्या सरळ कुरणात उतरतात. नदी तिथून एक मैल लांब गेली. आता गाई सकाळी त्या पायऱ्या उतरून चरायला जातात, एकामागून एक, बोटीत बसायला निघाल्यासारख्या. तिसऱ्या पायरीवर एक बाई सूप मांडीवर घेऊन तुरी निवडत बसली होती. तुझं नाक, तुझे खांदे. मान वर केली नाही.

"कुणाचा?"

"रोस्मिराचा."

मेलेल्या आईचं नाव सांगायला मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप आलं. सुपातला हात थांबला.

"कुणी पाठवलं?"

"तुलिया मावशीने."

"आहे?"

"गुडघे सोडून सगळी आहे."

तेव्हा तिने वर बघितलं. माझ्याकडे नाही, ताटाकडे. गाठ सोडली, फडकं खांद्यावर टाकलं आणि चमचा मागितला. मी म्हणालो, "मावशीने स्वतः केलंय, तुमच्यासाठी." हे मी म्हणालो, नुरीस, हेही वाच.

तिने पहिला चमचा खाल्ला. "लवंग. पपईत लवंग घालणारी या नदीवर एकच. एम्पेरात्रिस. म्हणजे तोतुमालला होडीसाठी थांबलास. वासरं होती?" दुसरा चमचा. "खोबरं-अननस. हे कान्यो ओंदोचं, अननस कच्चा असतानाच काढतात, धीर नाही त्या गावाला." तिसरा. "हा कंद वरंब्यावरचा. इतका पिठूळ दुसरीकडे होत नाही. तिथे उतरलास कशाला? रस्ता तर वरून जातो." मी म्हणालो, वरंबे मोजायला. "किती आहेत?" म्हटलं, तीनपर्यंत पोचलो. "केळं आणि मामेय, आणि धुराचा वास. साबिनाचं बॉयलर. अजून भुतांना पहिली भाकरी घालते?"

मावशी, मी कुठे कुठे थांबलो, किती वेळ थांबलो, कोणाकडे जेवलो, सगळं तिने ताटातून वाचलं. नुरीस कागदावरून वाचते तसं, आणि एकही कंस न गाळता. मग तिने चमचा ठेवला.

"चार गावं आली," ती म्हणाली. "एल पालमार कुठे आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चार पोरं, शिपाई, खरवडसुद्धा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ताट फिरवलं, टवक्यापाशी ते काळं चिकटलेलं दिसलं, तिने नखाने खरवडून काढलं आणि जिभेवर ठेवलं. बराच वेळ तिथेच ठेवलं.

"करपवलंच," ती म्हणाली. "बारा वर्षांची होती तेव्हापासून करपवते. चुलीवर ठेवायचं आणि दारात जाऊन बघत बसायचं, कोण चाललंय, कुठे चाललंय. हिच्या हाती पोर वाढलं की असंच निघणार."

आणि डोळे पुसायला तिने खांद्यावरचं फडकं ओढलं, तर बटण गालाला टोचलं. तिने ते समोर धरलं. उलगडलं. मांडीवर पसरलं, बाह्यांच्या जागा हाताने सारख्या केल्या. तेव्हा मलाही दिसलं. तीन वर्षांच्या पोराचा शर्ट होता तो. पार विटलेला, पण निळा. माझा एकमेव लहानपणीचा फोटो, आपल्या भिंतीवरचा, त्यात मी घातलाय तो.

तू मला कधी सांगितलं नाहीस, मावशी. तिने सांगितलं. आई गेल्यावर मी कुणाकडे राहायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. तू जवळ होतीस, तू उचलून नेलंस. पुढच्या पवित्र आठवड्यात तिने हे ताट भरून पाठवलं, आणि वर रुमालाऐवजी हा शर्ट झाकला, तिने शिवलेला. चिठ्ठी नव्हती, पण तुला कळलं. पोर अर्धं मला दे, उन्हाळी रस्ता कोरडा असतो तेवढे महिने. तू ताट भरून परत केलंस तर हो. ती या पायरीवर बसून वाट बघत राहिली. पाऊस आला, रस्ता गेला. ताट आलं नाही.

"नाही म्हणायचं तरी नाही म्हणून पाठवायचं," ती म्हणाली. "रिकामं ताट पाठवायचं. मी चार दिवस रडले असते आणि पाचव्या दिवशी तिच्याकडे गेले असते. पण तिने ठेवूनच घेतलं. ताटही आणि तुलाही."

मी म्हणालो, "शर्ट मला घातला होता तिने. फोटो आहे."

हे तिला माहीत नव्हतं. तिने दोनदा विचारलं. फोटोत बटणं लावली होती का, बाह्या लांब होत होत्या का, विचारलं. मी म्हणालो, बाह्या दुमडलेल्या आहेत. "मुद्दाम मोठ्या ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही बसाव्यात म्हणून." मग शर्टाची घडी घालून तो आत घेऊन गेली.

आज सकाळी, चूल नाही म्हणून, थंड कॉफी दिली आणि म्हणाली, उभा राहा. हात पसर. सुई नाही, कात्री नाही, मोजपट्टी हे हत्यार आहे का याची तिला खात्री नव्हती, म्हणून वितीने मोजलं. खांदा ते खांदा अडीच वीत. बाही तीन. बोटांवर धरून ठेवलं आणि दिवसभर अधूनमधून ओठ हलवत ते पाठ करत होती, माळेचे मणी ओढावेत तसं.

इथपर्यंत शुक्रवार. आता शनिवार, बारा वाजून गेलेत, चूल पेटलीय. घरात तुरीचा आणि गुळाचा वास आहे आणि शिवणयंत्राचा आवाज आहे.

हेर्मोहेनेस आत्ताच खेचरं घेऊन आला. तुझा निरोप त्याने अंगणातूनच ओरडून सांगितला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "तुलियाबाई म्हणते, कंस म्हणजे काय ते तिला माहीत नाही, नुरीसने सगळं मोठ्याने वाचलं! आणि म्हणते, गोड संपलं म्हणून रडू नको, पण फडकं हरवलं असेल तर घरी येऊ नको!"

नुरीस, तुझं मी बघून घेईन.

ओर्फेलिना मावशी दारात उभी होती, तोंडात टाचण्या. तिने टाचण्या काढल्या आणि हसली, मावशी. मी तुला तशी हसताना पाहिलंय, तांबडी कोंबडी पाद्रीबाबांच्या टोपीत बसली होती त्या दिवशी. मग हेर्मोहेनेसला म्हणाली, "तिला सांग, फडकं पोचलं. ते मी ठेवून घेतेय. तिने ताट एकोणीस वर्षं ठेवलं, मी हे एकोणीस वर्षं ठेवीन, मग बघू."

मी उद्या चर्चमधली ईस्टरची मिस्सा झाली की निघतो. दक्षिणेचे ढग जवळ आलेत, काल रात्री वीज दिसली, हेर्मोहेनेस म्हणतो चार दिवस आहेत, कदाचित पाच. तू ये म्हणून मी तिला विचारलं. म्हणाली, "मी एकसष्ट वर्षांची आहे, गाईंनी काढलेल्या रस्त्याने येणार नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "या वर्षी नाही." मी हे दोन्ही तसंच तुला सांगतोय.

ताट तिने भरलंय. तुरीचं, तुझ्यासारखंच, फक्त करपलेलं नाही. वर झाकायला एक शर्ट आहे, पांढरा, अडीच वीत खांद्याचा. बाह्या या वेळी मापाच्या आहेत. शिवाय एक वेगळा पत्र्याचा डबा दिलाय, गोडाने भरलेला. म्हणाली, "हा डबा रस्त्याचा. ज्याला द्यायचं त्याला यातून दे, शिपायाला पण. ताटाला हात लावशील तर मला कळेल. तुझ्या तोंडावर मी सगळी नदी वाचू शकते."

एक गोष्ट मी दोन दिवस मनात फिरवतोय. तू ताट का ठेवलंस ते मी विचारत नाही. शर्ट आधी मला घालून टाकलास आणि मग ताट भरायला हात उचलला नाही, एवढं मला दिसतं. एकदा रस्त्याने गेलं ते पोर परत येईल का, याची तुला भीती वाटली असेल. पण मावशी, मी दर वेळी परत आलोय. अकरा दिवसांनी का होईना, मिठाशिवाय का होईना. तू प्रत्येक वेळी दारातच होतीस, आणि चुलीवर काहीतरी करपत होतं.

ताट आता रिकामं परत करायचं नाही, तेव्हा पुढच्या जानेवारीत रस्ता वर आला की ते भरून पुन्हा इकडे आणावं लागेल. आणणार मीच. राहिलेले वरंबेही मोजायचे आहेत. एप्रिलपर्यंत इथे राहीन, पाणी चढायच्या आत तुझ्याकडे. तिला मी हो म्हटलंय. मी नेहमीच हो म्हणतो, पण या वेळी तू चुलीत फुंकर न घालता हो म्हणावंस असं वाटतं.

दारात बस. बुधवारी येतो. तूर चुलीवर ठेवली असशील तर ठेव तशीच, लागू दे तळाला.

पाणी असेतो तुझा, पाणी उतरलं की तिचा,
दागोबेर्तो